वर्णन पुरेसे आहे का?

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका शाळेच्या विज्ञानशिक्षिकांनी मला एक छायाचित्र पाठवले. त्यांच्या नववीतील विद्यार्थिनीने शाळेच्या बागेत, कर्दळीच्या पानावर बसलेल्या माशीचे ते टिपले होते. माशी तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगावर हिरवी-सोनेरी झळाळी, पंखांवर काळसर पट्टे आणि पाय मात्र शरीराच्या मानाने भलतेच लांब. सोबत प्रश्न होता : "सर, आम्ही शाळेच्या ग्रंथालयातली सगळी पुस्तके पाहिली. ही माशी कोठेच सापडत नाही. नवी जात असेल का? आणि असेल, तर मुलीचे नाव कसे नोंदवायचे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे. एखादी जात 'नवी' आहे असे म्हणण्यासाठी आणि ते इतरांना पटवण्यासाठी किती पुरावा लागतो? छायाचित्र पुरेसे आहे का? प्राणी मारून ठेवलाच पाहिजे का? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. त्यांतील तीन उत्तरे, म्हणजे तीन प्रकाशित वर्णने, आपण येथे तपासून पाहू. त्यांतील दोहोंचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. वर्णन हासुद्धा लेखनाचाच प्रकार आहे. कवितेची किंवा कथेची समीक्षा होते तशी त्याचीही व्हायला हवी.

आधी माशीची ओळख

ही माशी द्विपंखी कीटकांच्या डोलिकोपोडिडी या कुळातील आहे. ग्रीक भाषेत 'डोलिकोस' म्हणजे लांब आणि 'पूस' म्हणजे पाय. मराठीत तिला रूढ नाव नाही, म्हणून आपण तिला 'लांबपायी माशी' म्हणू. या कुळातील सात हजारांहून अधिक जातींची आजवर वर्णने झाली आहेत. बहुतेक जाती एक ते नऊ मिलिमीटर लांबीच्या असतात. दिसायला नाजूक असली तरी ही माशी शिकारी आहे. मावा, फुलकिडे, कोळीकीड असे मऊ अंगाचे लहान जीव ती पकडते. तिच्या बहुतेक जातींच्या अळ्या ओल्या मातीत, चिखलात, कुजक्या पाल्यात किंवा झाडाच्या सालीखाली वाढतात व त्याही बहुतांशी शिकारीच असतात. म्हणजे बागाइतदाराच्या दृष्टीने ही माशी मित्रकीटक आहे.

छायाचित्रावरून मी एवढे सांगू शकलो की माशी लांबपायी आहे. पंखाची मधली शीर टोकाकडे दुभंगलेली दिसत होती, त्यामुळे ती सायापोडिनी या उपकुळातील असावी, हेही म्हणता आले. पानांवर तुरुतुरु धावणाऱ्या बऱ्याच चकचकीत माश्या याच उपकुळातल्या असतात. पण पुढे मात्र मला थांबावे लागले.

का थांबावे लागले, हे समजून घेण्यासारखे आहे. या माश्यांच्या नरांमध्ये पोटाचे शेवटचे खंड पुढे, पोटाखाली वळलेले असतात व तेथे जननेंद्रियांची गुंतागुंतीची रचना असते. जवळच्या दोन जाती वेगळ्या ठरतात त्या बहुधा या रचनेवरून. शिवाय पुष्कळ जातींच्या नरांना काही खास दागिने असतात : एखाद्याच्या पुढच्या पायावर वल्ह्यासारखा चपटा भाग, एखाद्याच्या शृंगिकेच्या टोकाला झेंड्यासारखे पाते, एखाद्याच्या पायावर केसांचा झुबका. मीलनापूर्वी नर मादीसमोर हे मिरवतो. मादी निवड करते ती या खुणांवर. त्यामुळे नरांमधील फरक जातीगणिक ठळक होत गेले आणि माद्या मात्र एकमेकींसारख्याच राहिल्या. परिणाम असा की केवळ मादी हाती असेल तर तज्ज्ञांनाही अनेकदा जात सांगता येत नाही. पानावर बसलेल्या माशीच्या वरून घेतलेल्या छायाचित्रात पोटाखालची रचना दिसणे जवळजवळ अशक्यच.

याचा धडा मी स्वतः चांगलाच घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका ओढ्याच्या चिखलकाठी मला एक लांबपायी माशी मिळाली. पंखांची ठेवण माझ्याजवळच्या कोणत्याही वर्णनाशी जुळेना. मी उत्साहाने निबंधाचा मसुदा लिहायला घेतला, नावही मनात ठरवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की ती मादी आहे. नर मिळावा म्हणून पुढचे दोन पावसाळे मी त्याच जागी गेलो. नर मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी तेथे सिमेंटची भिंत उभी राहिली होती. ती माशी अजून माझ्या डबीत आहे. चिठ्ठीवर ठिकाण आहे, तारीख आहे. जातीच्या नावाची जागा रिकामी आहे.

कसोटी कोणती लावायची?

वर्णनाची परीक्षा घ्यायची तर आधी कसोटी ठरवली पाहिजे. मला ती अशी मांडावीशी वाटते. शंभर वर्षांनंतर, वर्णन करणाऱ्याला कधीही न भेटलेला अभ्यासक त्याच प्रकारचा प्राणी हातात घेऊन बसला आहे. 'हा तोच की दुसरा?' याचा निर्णय त्याला करता आला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

एक : जवळच्या जातींपासूनचा फरक स्पष्ट सांगितलेला हवा. 'अंग हिरवे, पाय लांब' हे वर्णन खरे आहे, पण ते शेकडो जातींना लागू पडते. दोन : मूळ पुरावा पुन्हा तपासता यावा. यासाठी ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते तो संग्रहालयात जपून ठेवतात. त्याला 'होलोटाइप' म्हणतात. आपण त्याला आधारनमुना म्हणू. तीन : नमुना कोठे, केव्हा, कोणत्या परिस्थितीत मिळाला याची नोंद हवी.

दुसरी अट नवशिक्यांना विचित्र वाटते. एवढे तपशीलवार वर्णन लिहिल्यावर नमुना कशाला? कारण असे की वर्णन करणारा आपल्या काळाला जे महत्त्वाचे वाटते तेच लिहितो. शंभर वर्षांपूर्वीच्या कीटकतज्ज्ञाला डीएनए माहीत नव्हता. पन्नास वर्षांनी कोणता गुणधर्म मोलाचा ठरेल हे आज आपल्याला माहीत नाही. नमुना शिल्लक असला की नवे प्रश्न जुन्या पुराव्याला विचारता येतात.

साईक्स यांचे मासे

पहिले वर्णन थेट मुळा-मुठेच्या खोऱ्यातले. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साईक्स हे मुंबई सरकारच्या सेवेतील अधिकारी. दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्याचे काम १८२४ साली त्यांच्याकडे आले व १८३१ पर्यंत ते या कामात होते. पिके, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करता करता त्यांनी पक्षी, सस्तन प्राणी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरील त्यांची वर्णने १८३९ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात आली.

या वर्णनांतील एक गोष्ट मला फार भावते. नवी नावे देताना साईक्स यांनी पुष्कळदा येथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली. नुक्ता, कोलस, मुसुल्ला ही नावे लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसली आणि आजही तेथेच आहेत. मासा कोणत्या नदीत मिळाला, हेही ते सांगतात. तिसऱ्या कसोटीवर त्यांना बरे गुण द्यायला हवेत.

पण पहिल्या दोन कसोट्यांवर हे लेखन अडखळते. वर्णने त्रोटक आहेत. पर किती, कल्ले कसे, रंग कोणता, एवढे सांगून ती पुढे सरकतात. आणि कित्येक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण 'मुसुल्ला' हेच आहे.

साईक्स यांचा मुसुल्ला शिरूरजवळच्या घोड नदीतला. नमुना नाही, वर्णन तोकडे. झूलॉजिकल सर्व्हेचे ख्यातनाम मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४३ साली हे नाव कावेरी नदीतील कुबडाच्या महसीरला लावले. महसीर म्हणजे ५० किलोहून अधिक वजनाचा होऊ शकणारा, भारतातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक. पुढे अभ्यासकांनी साईक्स यांचे वर्णन बारकाईने वाचले तेव्हा दिसून आले की त्यांचा मासा महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच वंशातला आहे. मग कावेरीतल्या त्या अजस्र माशाचे नाव काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा प्रश्न सोडवला. केरळातील पांबार नदीतून आधीच वर्णन झालेल्या टॉर रेमादेवी या जातीचाच तो मासा निघाला. त्यानंतरच आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत त्याची 'अतिसंकटग्रस्त' अशी नोंद होऊ शकली.

येथे क्षणभर थांबू या. मासा झपाट्याने कमी होत होता. पण ज्याला नेमके नाव नाही त्याची यादीत नोंद करता येत नाही आणि ज्याची नोंद नाही त्याच्या संरक्षणासाठी निधी किंवा नियम मागता येत नाही. या विलंबाची सगळी जबाबदारी साईक्स यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्या काळी आधारनमुन्याची आजची शिस्त नव्हती. पण अपुऱ्या वर्णनाचे कर्ज पुढच्या पिढ्यांना, आणि त्या प्राण्यालाही, फेडावे लागते, हे यातून स्पष्ट दिसते.

बुगुन पक्षी : न मारता केलेले वर्णन

दुसरे वर्णन पुण्यात काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे, आणि तोही पक्षितज्ज्ञ नव्हे तर खगोलशास्त्रज्ञ. रमणा अत्रेय हे तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करत होते. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात १९९५ साली त्यांनी एक अनोळखी पक्षी पाहिला. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, तो त्यांना पुन्हा दिसला. मे २००६ मध्ये जाळ्यात दोन पक्षी सापडले. त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली गेली आणि पक्षी सोडून देण्यात आले. जाळ्यात गळून पडलेली पिसे तेवढी ठेवली. त्याच वर्षी 'इंडियन बर्ड्‌स' या नियतकालिकात लायोसिक्ला बुगुनोरम या नावाने वर्णन प्रसिद्ध झाले. नाव तेथील बुगुन समाजावरून दिलेले आहे.

पक्षी न मारण्याचे कारण अत्रेय यांनी उघडपणे मांडले. त्यांना त्या परिसरात जेमतेम चौदा पक्षी आढळले होते, त्यांत प्रजननक्षम जोड्या तीन. अशा स्थितीत एक पक्षी मारणे म्हणजे त्या जातीच्या मुळावर येणे. हा निर्णय मला केवळ भावनेचा वाटत नाही. तो हिशेबाचा आहे.

आता आपली कसोटी लावू. जवळच्या जातींपासूनचा फरक? पक्ष्यांच्या बाबतीत जगातील दहा हजारांवर जातींची माहिती, कातडी, आवाजांच्या ध्वनिफिती उपलब्ध आहेत. लायोसिक्ला या वंशातील इतर जाती मोजक्या आणि सुपरिचित आहेत. रंगांतला व आवाजातला फरक स्पष्ट आहे. पुरावा पुन्हा तपासता येईल का? पूर्ण पक्षी नाही, पण पिसे आहेत आणि पिसांतून डीएनए मिळू शकतो. म्हणजे पुढच्या पिढीसाठी दार बंद केलेले नाही. ठिकाण व तारीख तर आहेतच. तिन्ही कसोट्यांवर हे वर्णन टिकते. मात्र ते टिकते याचे मोठे श्रेय आधीच्या दोनशे वर्षांत जमवलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांना आहे, हे विसरून चालणार नाही. संग्रहालयांतील कातड्यांमुळेच 'हा पक्षी वेगळा आहे' असे ठामपणे म्हणता आले.

छायाचित्रातली माशी

तिसरे वर्णन आपल्या विषयाच्या अगदी जवळचे, कारण ते माशीचे आहे. स्टीफन मार्शल आणि नील एव्हनहुइस या दोन नामवंत माशीतज्ज्ञांनी २०१५ साली 'झूकीज' या नियतकालिकात दक्षिण आफ्रिकेतील एका मोठ्या माशीचे वर्णन केले : मार्लेइमिया झायलोकोपी. ही माशी हुबेहूब भुंग्यासारखी दिसते, म्हणून भुंग्याच्या वंशाचे नाव तिच्या नावात आले. नमुना हाती नव्हता. छायाचित्रे होती, आणि त्यांतली माशी हाच आधारनमुना मानून नाव दिले गेले. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेतील नियमांचे बारकाईने वाचन करून त्यांनी हे बसवले.

या निबंधावरून मोठे वादळ उठले. पुढच्याच वर्षी ४९३ अभ्यासकांनी सह्या केलेले पत्र प्रसिद्ध झाले. केवळ छायाचित्रावरून जाती वर्णन करणे अपुरे, अनावश्यक आणि विज्ञानाला हानिकारक ठरू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये नामकरण आयोगाने मधला मार्ग काढला. अशा वर्णनांवर बंदी घातली नाही, पण नमुना का ठेवला नाही याची कारणे द्यावीत, शक्य तितका अन्य पुरावा जोडावा आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, अशी शिफारस केली.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. त्या एका माशीपुरते लेखकांचे म्हणणे मला मान्य होण्यासारखे वाटते. माशी मोठी, रंग ठळक, वंशातील इतर जाती अगदी थोड्या आणि लेखक आयुष्यभर माश्या पाहिलेले. पण त्यावरून 'कॅमेरा आला, आता टाचणी नको' असा सर्वसाधारण निष्कर्ष काढणे चूक आहे. वंशातील जातींची संख्या जितकी जास्त, प्राणी जितका लहान आणि ओळखीच्या खुणा जितक्या लपलेल्या, तितके छायाचित्र दुबळे ठरते. लांबपायी माशी या तिन्ही बाबतींत दुसऱ्या टोकाला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : चौदा पक्षी उरले तर मारायचा नाही आणि माशी मात्र खुशाल मारायची, हा न्याय कुठला? माझे उत्तर संख्येत आहे. माशीच्या एका पिढीत जन्मणाऱ्या बहुसंख्य माश्या कोळी, चतुर, पक्षी यांच्या पोटात जातात. अभ्यासकाने नेलेल्या दहा-वीस माश्यांनी त्या संख्येला धक्का लागत नाही. तिला धक्का लागतो तो अळ्यांचा चिखल नाहीसा झाल्याने. पण म्हणून मारलेल्या माशीची जबाबदारी कमी होत नाही. ठिकाण-तारखेची चिठ्ठी न लावता पडून राहिलेला नमुना हा व्यर्थ घेतलेला जीव आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

लांबपायी माशीला किती पुरावा लागतो?

समजा, आपल्याला खरोखरच वेगळी वाटणारी लांबपायी माशी मिळाली. पुढे काय करावे लागते?

नर व मादी दोन्ही, शक्यतो प्रत्येकी काही, मद्यार्कात किंवा बारीक टाचणीवर ठेवतात. नराच्या पोटाचे टोक वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले की मऊ भाग विरघळतो आणि कठीण रचना दिसू लागते. ती ग्लिसरीनमध्ये ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाजूंनी पाहून तिची रेखाचित्रे काढतात. वक्षावरच्या राठ केसांच्या रांगा मोजतात. पायाच्या प्रत्येक खंडाची लांबी, पंखशिरांचे कोन, शृंगिकेचा आकार यांची नोंद करतात. अलीकडे मायटोकाँड्रियातील एका जनुकाच्या सुमारे साडेसहाशे अक्षरांच्या तुकड्याचा क्रमही काढतात. त्याला 'डीएनए बारकोड' म्हणतात. नर आणि मादी एकाच जातीची आहेत का, हे जुळवायला तो फार उपयोगी पडतो.

यानंतर खरे कष्टाचे काम सुरू होते : पूर्वी कोणी वर्णन केलेले नाही ना, हे पाहणे. आपल्या भागातील लांबपायी माश्यांसाठी थिओडोर बेकर यांचा १९२२ सालचा इंडो-ऑस्ट्रेलियन प्रदेशावरील ग्रंथ पाहावा लागतो. तो जर्मनमध्ये आहे. सायापोडिनी उपकुळासाठी डॅनियल बिकेल यांचा १९९४ सालचा ऑस्ट्रेलियन माश्यांवरील ग्रंथ लागतो, कारण त्यात पौर्वात्य प्रदेशाचाही आढावा आहे. कित्येक जुने आधारनमुने युरोपातील संग्रहालयांत आहेत. पुण्यातल्या कर्दळीवरची माशी 'नवी' आहे का हे ठरवायला कधीकधी युरोपातली एक शंभर वर्षांची माशी पाहावी लागते. ग्रंथ आता संगणकावर वाचायला मिळू लागले आहेत, पण नमुना पाहायला अजूनही पत्रव्यवहार आणि धीर लागतो.

शेवटी आधारनमुना योग्य ठिकाणी ठेवावा लागतो. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीची माहिती शासनाने नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवणे आणि नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही अशी संस्था आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, आकुर्डीला आहे.

बातमीतून काय निसटते?

आता वर्तमानपत्रांकडे वळू. 'सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली' अशा बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्यांचे मला अप्रूप आहे आणि त्यांच्याबद्दल तक्रारही आहे.

पहिली तक्रार शब्दाची. आपल्या विश्वकोशाच्या परिभाषेत 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'जीनस' म्हणजे प्रजाती किंवा वंश. बातम्यांत सरसकट 'प्रजाती' लिहिले जाते. मुलगा वर्गात एक शिकतो आणि घरी दुसरेच वाचतो. शिक्षकांनी हा घोळ निदान दाखवून द्यावा.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बातमीत नाव असते, फोटो असतो, पण ती जात वेगळी कशावरून, हे नसते. २०२१ साली ठाणे परिसरातील उडी मारणाऱ्या एका कोळ्याचे वर्णन झाले आणि त्याला २६/११च्या हल्ल्यात कसाबला पकडताना हौतात्म्य आलेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले गेले : आयसियस तुकारामी. नाव हृद्य आहे आणि बातमीत ते यायलाच हवे. पण कोळ्यांची जात ठरवताना नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकाची रचना पाहतात, हे एक वाक्य सोबत आले असते तर वाचकाला विज्ञानाची पद्धत कळली असती. पद्धत गाळली की शोध हा नशिबाचा खेळ वाटू लागतो : चालता चालता दिसले आणि नाव मिळाले.

तिसरी तक्रार. 'सापडली' या क्रियापदाने असे वाटते की जात आतापर्यंत कोठे हरवली होती. बहुतेकदा ती तेथेच असते, आणि लोकांना माहीतही असते. साईक्स यांच्या आधी मुसुल्ला नदीत होता आणि कोळ्यांच्या जाळ्यातही. नवे असते ते वर्णन.

आणि हे वर्णन वेळेत होणे गरजेचे आहे. पुणे महापालिकेच्या नदीकाठ विकास प्रकल्पात मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा समावेश आहे. अशा कामाने काठ सुधारला की बिघडला, हे ठरवायला पक्षी व झाडे मोजली जातात. चिखलात वाढणाऱ्या जिवांवर होणारा परिणाम मात्र त्यांची नावनिशीवार यादी आधी केलेली असेल तरच सांगता येईल. सिंगापूरच्या खारफुटीत जाळी लावून व बारकोड वापरून केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कीटकांच्या तीन हजारांहून अधिक जाती मिळाल्या. त्याआधी खारफुटी कीटकांच्या दृष्टीने गरीब समजली जात होती. समजूत चुकीची होती, कारण कोणी मोजलेच नव्हते.

वर्गात करून पाहा

पुरेसे वर्णन म्हणजे काय, हे मुलांना कळावे यासाठी माशी मारायची गरज नाही. एक सोपा प्रयोग करता येईल. प्रत्येक गटाला दहा चिंचोके द्या. त्यांतील एक निवडून त्याचे लेखी वर्णन करायला सांगा. मग तो चिंचोका पुन्हा इतरांत मिसळा आणि वर्णनाचा कागद व दहा चिंचोके दुसऱ्या गटाकडे द्या. त्यांना तो ओळखता आला तर वर्णन पुरेसे.

पहिल्या फेरीत मुले 'तपकिरी, चमकदार, गुळगुळीत' असे लिहितील आणि दुसरा गट गोंधळेल. दुसऱ्या फेरीत पट्टी बाहेर येईल, 'कडेला एक खाच आहे', 'इतर नवांपेक्षा लांबट आहे' अशी वाक्ये येतील. 'इतरांपेक्षा' हा शब्द मुलांच्या लेखनात स्वतःहून आला की धडा पूर्ण झाला असे समजा. तिसऱ्या फेरीत वर्णन झाल्यावर मूळ चिंचोका काढून घ्या आणि उरलेले नऊच द्या. मग निर्णय कोणी कसा तपासायचा, यावर चर्चा होऊ द्या. आधारनमुन्याचे महत्त्व त्यातून आपोआप पुढे येईल. खरे कीटक पाहायचे असतील तर ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेले गोळा करा आणि प्रत्येकासोबत ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी ठेवा.

त्या विद्यार्थिनीला मी लिहिले की तुझी माशी नवी आहे की नाही हे मला सांगता येत नाही, आणि एवढ्या पुराव्यावर कोणालाच सांगता येणार नाही. पण तू नोंदलेली तारीख, वेळ आणि कर्दळीचे पान या तीन गोष्टी माझ्या डबीतल्या चिठ्ठीवर आहेत तितक्याच मोलाच्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्याच पानांवर पुन्हा पाहा, आणि पुढचा पाय उंचावून नाचणारा नर दिसतो का ते बघ. तिचे उत्तर आले आहे. तिने बागेतल्या माळीकाकांना ती कर्दळ छाटू नका असे सांगून ठेवले आहे.

आपणही चिंचोक्यांचा प्रयोग करून पाहिलात तर मुलांनी पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत लिहिलेली वर्णने जरूर कळवा.